गाढवाचा दगड आणि मराठीच्या वयाचं भांडण

बेळगुंदी काय, निपाणीकडची गावं काय, आपल्या भागात देवळाच्या बाहेर किंवा वेशीपाशी कोरीव दगड बरेच दिसतात. लढणारा वीर कोरलेला असेल तर तो वीरगळ, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत झालंय. पण वर सूर्य-चंद्र, मध्ये काही ओळी आणि खाली गाढव व स्त्री असं विचित्र चित्र असलेला दगड दिसला की मोठी माणसं विषय बदलतात. म्हणून आज त्याच्याबद्दलच लिहितो.

त्याला गधेगळ म्हणतात. राजानं जमीन किंवा उत्पन्न दान दिलं की असा दगड उभा करत. सूर्य-चंद्र असेतोवर हे दान टिकेल, आणि जो मोडेल त्याच्या आईची अशी विटंबना होवो, हा त्याचा अर्थ. चित्रातली शिवीच ती. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही धाक बसावा म्हणून कोरलेली. (दान मोडणार पुरुष आणि शाप भोगणार त्याची आई, हे तेव्हा कुणाला खटकलं नसावं!) पुढं दानाची आठवण पुसली आणि धाक तेवढा उरला. मग कुणी त्याला अपशकुनी ठरवून पुरला, कुणी शेंदूर फासून देव केला.

परळचा गधेगळ मला सगळ्यांत आवडतो. शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला, ११८७ सालचा. दानाचा मजकूर संस्कृतात आहे, शाप मात्र चक्क मराठीत. शाप सगळ्यांना कळायला हवा ना! म्हणजे तेव्हा कोकणात लोकांच्या तोंडी मराठीच होती, याचा हा पुरावा.

आता भांडणाकडे वळू. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून ‘सर्वांत जुना मराठी शिलालेख कुठला’ हा प्रश्न घराघरात आलाय. आपल्याला शाळेत उत्तर शिकवलं ते श्रवणबेळगोळचं. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतल्या दोन छोट्या ओळी आहेत. पहिलीत चामुंडरायाचं नाव, दुसरीत गंगराजाचं. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीची, म्हणून लेख ९८३ चा असं सांगतात. पण गंगराज हा होयसळांचा सेनापती, त्यानं बाराव्या शतकात भोवतीचं आवार बांधलं. दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असतील तर पहिलीचं वयही शंभरएक वर्षांनी खाली येतं.

दुसरा दावेदार अलिबागजवळच्या आक्षी गावचा. हा दगड कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभा होता. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचं वर्ष शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं वाचलं. काही अभ्यासकांनी आकडे वेगळे वाचून त्याला सुमारे दोनशे वर्षांनी अलीकडे आणलं. पण लेखात संवत्सराचं नाव परिधावी आहे, आणि पंचांगाचं साठ वर्षांचं चक्र मागं मोजत गेलं तर १०१२ ला परिधावीच येतो. मला म्हणून तुळपुळ्यांचं वाचन पटतं. तुम्हीही मोजून बघा, २०१२ पासून नको, १९७२ पासून सुरुवात करा. ते वर्ष परिधावी होतं.

आपल्याकडच्या गप्पांत हे दगड लगेच सीमाप्रश्नाच्या बाजूनं साक्षीला उभे केले जातात. मराठी आधी की कन्नड आधी? श्रवणबेळगोळला त्याच पायांशी कन्नड आणि तमिळ ओळीही आहेत. यात्रेकरू सगळीकडून येत, म्हणून प्रत्येकाच्या भाषेत लिहिलं. आणि वीरगळ, गधेगळ यातला ‘गळ’ तरी कुठला? कन्नडमध्ये दगडाला ‘कल्लु’ म्हणतात, तिथूनच तो आलाय.

वादापेक्षा मला काळजी रस्तारुंदीकरणाची वाटते. जेसीबीला शिलाहार कळत नाहीत, अन् ठेकेदाराला तो पायात घालायला चांगला दगड वाटतो. सुट्टीत गावी गेलात की असा दगड शोधा. त्यावर खडू किंवा ऑइलपेंट लावू नका. उन्हं तिरपी असताना बाजूनं फोटो काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. गावाचं नाव आणि नेमकी जागा लिहून मंडळाकडे पाठवा. पुढच्या लेखात त्यांतलेच वाचू.