लाइन बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. वीज कंपन्यांच्या कार्यालयांत आणि औष्णिक केंद्रांच्या फाटकांवर फलक लागतात, कामगारांना रांगेत उभे करून शपथ दिली जाते, घोषवाक्यांना बक्षिसे मिळतात. या सोहळ्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु या साऱ्या प्रचाराचा रोख एकाच दिशेने असतो. कामगारा, तू सावध राहा! अपघात म्हणजे कामगाराचा निष्काळजीपणा, हे गृहीत धरूनच सुरक्षा शिकवली जाते.

उंचाहारचे उदाहरण घ्या. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशातील रायबरेली जिल्ह्यात एनटीपीसीच्या उंचाहार केंद्रातील 500 मेगावॅटच्या सहाव्या संचात बॉयलरची दुर्घटना झाली आणि 40 हून अधिक माणसे मेली. ही काही गल्लीबोळातली कंपनी नव्हे, केंद्र सरकारची कंपनी आहे. संचही नवा कोरा होता. भट्टीच्या तळाशी राख साचून घट्ट झाली होती. संच पूर्ण बंद न करता, भार कमी करून, ती राख मोकळी करण्याचे काम चालले होते. तप्त वायू आणि राख बाहेर फेकली गेली. मृतांत अधिकारीही होते, पण बहुसंख्य ठेकेदारांचे मजूर होते. त्यांच्यापैकी किती जणांच्या डोक्यावर हेल्मेट होते, हा प्रश्न येथे निरर्थक आहे. 'आधी संच बंद करा' असे म्हणण्याचा अधिकार त्या मजुरांपैकी एकालाही नव्हता.

महाराष्ट्रात 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या आणि कायम कामगाराच्या जागी कंत्राटी तरुण येत गेला. नियम असा, की खांबावर चढण्यापूर्वी उपकेंद्रातून लेखी परमिट घ्यायचे, फीडर बंद झाल्याची खात्री करायची, कामाच्या दोन्ही बाजूंना लाइन अर्थ करायची. कारण बंद लाइनवरही कोणाच्या तरी जनरेटरमधून उलटी वीज येऊ शकते. आणि प्रत्यक्षात? पावसाळ्याची रात्र, गावात अंधार, लोकांचे फोन, साहेबांची घाई, आणि मोबाइलवर आदेश: 'बंद केली, चढ.' त्या मुलाने लेखी परमिट मागितले तर ठेकेदार उद्यापासून त्याला कामावर बोलावत नाही. तो मेल्यावर हातमोजे नव्हते हे कागदावर येते. परमिट नव्हते हे सहसा येत नाही.

भरपाईच्या दाव्यांत बचाव ठरलेले असतात. एक, तो आमचा कामगारच नाही, ठेकेदाराचा आहे. दोन, त्याने सुरक्षा साधने वापरली नाहीत. वस्तुतः 1923 च्या भरपाई कायद्यापासूनच मूळ मालकाला पहिल्या बचावाआड लपता येत नाही. आणि कामगाराचा मृत्यू झाला असेल तर दुसरा बचाव चालतच नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. तरीही विधवेला वर्षानुवर्षे तारखा पडतात, कारण हे तिला कोणी सांगत नाही.

हा प्रश्न आपल्या पानावर का? ठेकेदाराचा हजेरीपट उघडा आणि आडनावे वाचा, म्हणजे उत्तर मिळेल. 1938 च्या मनमाड परिषदेत बाबासाहेबांनी रेल्वेतील अस्पृश्य कामगार गँगमनच्याच कामाला कसा जखडला आहे, हे मांडले होते. पुढे मजूरमंत्री म्हणून 1943 च्या डिसेंबरात ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळही त्यांच्याच कारकिर्दीत, 1944 मध्ये, स्थापन झाले. वीज आणि मजूर ही दोन्ही खाती त्यांच्या एकाच टेबलावर होती!

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. जिवाला तातडीचा धोका दिसला तर कामगाराने तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणावा, असे तिचे 14 वे कलम म्हणते. नजरेस आणावा, एवढेच. काम थांबवून बाजूला होण्याचा स्पष्ट अधिकार त्यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या 155 व्या करारात मात्र धोक्यापासून दूर होणाऱ्या कामगाराला संरक्षण आहे, आणि 2022 मध्ये त्या करारास मूलभूत कराराचा दर्जा मिळाला. शिवाय ज्या निरीक्षकाकडे जायचे, त्याचे नावही आता 'निरीक्षक-तथा-सुलभकर्ता' झाले आहे. सुलभता कोणाची, हे वेगळे सांगायला नको.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. वीज कंपन्यांच्या निविदांमध्ये दोन अटी घालता येतात: लेखी परमिटाशिवाय चढण्यास नकार देणाऱ्या कंत्राटी कामगाराला कमी करता येणार नाही, आणि तसे केल्यास ठेकेदाराचे देयक रोखले जाईल. येत्या 4 मार्चच्या कार्यक्रमाला आपल्या संघटनांच्या कार्यकर्त्यांनी जरूर जावे आणि शपथ संपल्यावर उपकेंद्राचे परमिटबुक पाहायला मागावे.