लठ्ठ ससा आणि आमची माया

घरीं पाळलेला ससा गोल गरगरीत दिसूं लागला म्हणजे घरचीं माणसें संतोष पावतात. आलागेला पाहुणाहि त्यास उचलून घेतो आणि काय बाळसें धरलें आहे म्हणून कौतुक करितो. नांदेड व लातूर येथील आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांच्या गच्चीवर किंवा ओसरीवर असा ससा आहे, त्यांच्याकरितां या कौतुकाविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आमच्या मतें तें बाळसें नव्हे. तो रोग आहे, आणि तो बहुधा प्रेमानेंच जडविलेला असतो.

मराठवाड्यांत भरल्या पोटाविषयीं जो आदर आहे, त्याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून दिवस काढलेलीं माणसें अजून कित्येक घरांत आहेत. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें तर आजच्या तरुणांनींहि पाहिलें आहे. ज्या घरानें टंचाई सोसली, त्यास मुक्या जिवापुढील रिकामी वाटी पाहवत नाहीं. ही भावना आम्ही थोर मानतों. परंतु वाटींत काय घालावें, हें भावनेला न विचारतां सशाच्या पोटाला विचारलें पाहिजे.

पाळीव ससा हा आपल्या माळरानावरील काळ्या मानेच्या सशाचा वंशज नव्हे. (त्या रानसशास १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, त्यास धरून आणूं नये, हें जातां जातां सांगून ठेवतों.) पाळीव सशाचें मूळ स्पेन व पोर्तुगालकडचें. रुक्ष, धागेदार गवत दिवसभर कुरतडून जगावें अशीच त्याची घडण आहे. त्याचे दांत जन्मभर वाढत राहतात व गवत चावण्यानेंच झिजतात. त्याच्या आतड्याची हालचालहि धागेदार अन्नावरच चालूं राहते. पोटांतील एका मोठ्या पिशवींत तें अन्न आंबतें आणि त्यापासून झालेल्या मऊ लेंड्या ससा शेपटीपाशीं तोंड नेऊन पुन्हा खातो. हें वाचून कोणी नाक मुरडील. पण त्याचीं कांहीं प्रथिनें व जीवनसत्त्वें त्यांतूनच त्यास मिळतात.

आतां लठ्ठ सशाची दशा पाहा. त्याचें तोंड शेपटीपर्यंत पोंचतच नाहीं. लेंड्या अंगाला चिकटून राहतात, तेथें माशा अंडीं घालतात, आणि अळ्या जिवंत कातडें पोखरूं लागतात. भारानें तळपायांस जखमा होतात. त्यांत आपल्याकडील उन्हाळा ! सशास घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो आणि ३० अंशांच्या वर कासावीस होऊं लागतो. मे महिन्यांत आपल्या गांवीं पारा ४० च्या पुढें जातो, तेव्हां चरबीची गोधडी पांघरलेल्या या प्राण्यास काय यातना होत असतील !

आणि ही चरबी येते कोठून ? अर्धापूरकडील केळीं घरांत घडानें येतात, त्यांतलें एक सशास. सकाळच्या चहाचें बिस्किट, उरलेली पोळी, मूठभर हरभरा, हें निराळेंच. गाजर तर सशाचें हक्काचें अन्न, अशी चित्रांनीं समजूत करून दिली आहे. वस्तुतः त्यांत साखर पुष्कळ, व सशास खरा उपयोगी तो गाजराचा पाला. बाजारांतील कांडीखाद्याची वाटी दिवसभर भरून ठेवणें हाहि तसलाच लाड होय. लसूणघास वाढत्या पिलास चालतो, थोराड सशास नव्हे.

उपाय म्हणून कोणी सशास उपास घडवील तर तो जीव घेईल, हें आम्ही मोठ्यानें सांगूं इच्छितों. लठ्ठ ससा उपाशी राहिला कीं अंगांतली चरबी यकृतांत सांचते व तो दगावतो. वाटी रिकामी ठेवावयाची नाहीं. तींतला पदार्थ बदलावयाचा आहे, आणि तोहि हळूहळू. वाळलेलें गवत, मारवेल, पवना किंवा हरळी, रोज सशाच्या देहाएवढा ढीग त्याच्यापुढें असावा. जोडीला कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला. कांडीखाद्य सशाच्या दर किलो वजनास दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत पुरे. लठ्ठास तेंहि कांहीं आठवड्यांत कमी करीत न्यावें. पाणी सदैव असावें. सोयाबीनच्या बांधावरील गवत तणनाशकाच्या भीतीनें टाळावें. कोंवळी ज्वारी गुरांनाहि बाधते, ती सशास मुळींच नको.

वजन दर आठवड्यास एकाच काट्यावर करून वहींत लिहावें. शंभरांत एकदोन भागांहून अधिक घट एका आठवड्यांत होऊं देऊं नये. नुसत्या आंकड्यावर मात्र भिस्त ठेवूं नये. न्यूझीलंड व्हाइट जातीचा ससा चारपांच किलोचा असूनहि सडपातळ असूं शकतो. बरगड्यांवरून हलक्या हातानें बोटें फिरवावींत. दाबल्यावांचून त्या लागल्या तर ठीक. मादीच्या गळ्याखालची वळी पाहून घाबरूं नये, ती बहुधा स्वाभाविक असते.

पिंजऱ्यांत बसून कोणाचीच चरबी झडत नाहीं. पहाटे व सायंकाळीं, ऊन नसतांना, सशास तीनचार तास मोकळा सोडावा; मांजर व कुत्रें तेवढें दूर ठेवावें. गवत पसरून ठेवलें म्हणजे तो शोधीत हिंडतो. आणि ज्या दिवशीं तो गवताकडे पाठ फिरवील, किंवा दहाबारा तास लेंडी टाकणार नाहीं, त्या दिवशीं घरगुती औषधांत वेळ न दवडतां गुरांच्या दवाखान्यांत न्यावा. लातूर जिल्ह्यांत उदगिरास तर पशुवैद्यकाचें महाविद्यालयच आहे. जातांना वजनाची वही बरोबर घ्यावी.