सोबत पोती नकोत



जानेवारीत आपल्या धर्मग्रामातले आम्ही अकरा जण भामरागडला जाऊन आलो. राजेश्वरहून बसने हैदराबाद, तिथून रेल्वेने बल्लारशा आणि पुढे आलापल्लीमार्गे जंगलातला रस्ता. गडचिरोली जिल्ह्याच्या या टोकाला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. भोवतालच्या गावांत माडिया गोंड लोक राहतात.

आम्ही सोबत जुन्या कपड्यांची सहा पोती नेली होती. "मिशन भेट" असे नाव दिले होते. एका गावात पोहोचताच आम्ही पोती सोडली, मुलांना रांगेत बसवले आणि मी हातवारे करत मराठी भक्तिगीत शिकवायला लागलो. मुले माझ्याकडे बघत राहिली. कोणी हसले नाही, कोणी गायले नाही. हातापायांवर गोंदण असलेल्या एका आजींचा मी न विचारता फोटो काढला. त्यांनी तोंड फिरवले. नंतर आमच्या सोबतच्या स्थानिक तरुणाने मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही अजून पाणी पण प्यायला नाहीत. आधी बसा तरी."

तेवढे एकच वाक्य तो बोलला, पण परतीच्या वाटेवर माझ्या मनात तेच घोळत होते. लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय मी कितीदा शिकवला आहे! प्रभू आपल्या बहात्तर शिष्यांना पाठवतो तेव्हा थैली, झोळी, पायताण काहीच घेऊ देत नाही. ज्या घरात स्वागत होईल तिथे राहा, ते वाढतील ते खा, असे सांगतो. म्हणजे शिष्य आधी पाहुणा होतो, घेणारा होतो. आम्ही मात्र देणारे होऊनच गाडीतून उतरलो.

हे लिहिण्याचे धाडस मला दूरच्या एका इतिहासाने दिले. कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलांत, सरोवरांच्या काठाने क्री नावाचे मूळनिवासी लोक राहतात. 1840 मध्ये नॉर्वे हाउस येथे जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने त्यांच्या भाषेसाठी एक लिपी वापरात आणली. चहाच्या पेट्यांमधल्या शिशाच्या पत्र्यापासून त्याने खिळे ओतले, आणि फर दाबण्याच्या यंत्रावर क्री भाषेतली गीते छापली. या लिपीत एकच चिन्ह फिरवले की स्वर बदलतो. तिच्यावर लघुलिपीचा आणि आपल्या देवनागरीचा प्रभाव असावा, असे अभ्यासक म्हणतात. क्री लोकांची स्वतःची परंपरा सांगते की ही चिन्हे त्यांच्याच एका वडीलधाऱ्याला मिळाली. काहीही असो, ती लिपी लोकांनी एकमेकांना भूर्जाच्या सालीवर लिहून शिकवली, आणि 1862 पर्यंत संपूर्ण बायबल क्री भाषेत आले.

पण त्याच देशात पुढे काय झाले? सरकारने निवासी शाळा काढल्या आणि त्या चालवण्याचे काम चर्चसंस्थांनी घेतले. त्यांतला मोठा वाटा आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचा होता. शंभराहून अधिक वर्षांत सुमारे 1,50,000 मुलांना आईवडिलांपासून तोडले गेले. स्वतःची भाषा बोलली तर शिक्षा व्हायची. 4,000 हून अधिक मुले परत आली नाहीत. 25 जुलै 2022 रोजी पोप फ्रान्सिस अल्बर्टातल्या मास्कवासिस या क्री वस्तीत गेले. तिथल्या दफनभूमीत त्यांनी मूकपणे प्रार्थना केली आणि मग लोकांसमोर क्षमा मागितली. ती क्षमा पुरेशी नव्हती असे म्हणणारे लोक तिथे होते, आणि तसे म्हणण्याचा त्यांना हक्क आहे.

लिपी घेऊन गेले तेही मिशनरी आणि भाषा हिरावून घेणाऱ्या शाळा चालवल्या त्यांतही मिशनरी. दोघांच्याही हातात एकच क्रूस होता. फरक इतकाच की एकाने ऐकले आणि दुसऱ्याने फक्त सांगितले. आपण कुठल्या बाजूला आहोत हे चांगल्या हेतूवरून ठरत नाही, कारण हेतू त्या शाळांचाही चांगलाच सांगितला जात होता.

"मग सेवा करायचीच नाही का?" असे मला परवा सभेत विचारले गेले. करायची, जरूर करायची. हेमलकसाला 1973 मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, माडिया भाषा शिकले, मग लोक दवाखान्यात यायला लागले. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा हे आधी लोकांना विचारले. म्हणून तो झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. यांनी धर्मशिक्षणाचा वर्ग कधी घेतला नाही, पण दहाव्या अध्यायातला पाहुणा कसा असतो हे मला त्यांच्याकडे पाहून कळले.

आपल्याला तर हे सहज कळायला हवे. आपण सीमेवरची माणसे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. लहानपणी शाळेत मराठीत उत्तर दिले म्हणून मी बाकावर उभा राहिलो आहे. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत आले, ते याच भाषेचा मान राखून. आपल्याला जे मिळाले ते दुसऱ्याला द्यायला आपण का विसरतो?

त्या गावात संध्याकाळी एक लहान मुलगी खडे मोजत होती, "मूंद, नालुंग". मी चमकलो. आपल्या कन्नडातले मूरु, नाल्कुच ते! मी कन्नडात पुढचे आकडे म्हटले, तशी ती पहिल्यांदा हसली. दिवसभरातली आमची खरी भेट ती तेवढीच.

म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. पुढच्या वर्षी जायचे असेल तर पोती नकोत. जाण्याआधी तिथल्या माणसाकडून थोडी माडिया शिकू. बोलावले तरच जाऊ, विचारल्याशिवाय फोटो काढणार नाही, आणि पहिला दिवस फक्त बसू.

आणि त्याआधी एक काम घरचे. माझ्या रविवारच्या वर्गात तांड्यावरून येणारा एक मुलगा दोन वर्षे गप्प बसतो. त्याची मराठी कच्ची आहे असे मी फादरांना सांगत आलो. माझी लंबाणी कच्ची आहे, हे मला कधी सुचलेच नाही. येत्या रविवारी 'हे आमच्या बापा' त्याच्याकडून त्याच्या भाषेत शिकायचे मी ठरवले आहे. त्याने शिकवले तर.

प्रभो, आम्हांला आधी बसायला शिकव. आमेन.