कोंडाण्याची लेणी आपणच राखूया!

कर्जतजवळच्या कोंडिवडे गावातून राजमाचीची वाट धरली, की दाट झाडीत अचानक एक भव्य कातळकमान समोर येते. हे कोंडाण्याचं चैत्यगृह. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी डोंगराच्या पोटात कोरलेलं.

आज त्याची अवस्था पाहवत नाही. आतल्या बऱ्याच खांबांचे खालचे भाग तुटून गेलेत, वरचे तुकडे छताला लोंबकळताहेत. स्तूप झिजलाय. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं, कातळात मुरतं. ऊन-पावसाला आपण थोपवू शकत नाही. पण भिंतींवर खरडलेली नावं आणि प्लास्टिकच्या बाटल्या? ते थांबवणं सर्वस्वी आपल्याच हातात आहे.

दर्शनी भाग नीट पाहा. दगडात कोरलेल्या जाळ्या, लाकडी सज्जांची हुबेहूब घडण, मधेच नाचणाऱ्या आकृती. डावीकडे एका प्रचंड भग्न मूर्तीचं मस्तक आहे आणि त्याच्याशेजारी ब्राह्मी अक्षरं: कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे घडवलं. राजाचं नाही, सावकाराचं नाही, घडवणाऱ्याचं नाव! आपल्या इतिहासात अशी नावं फार थोडी उरलीत. हे पुसलं, तर पुन्हा कुठून आणायचं?

लेणी संरक्षित आहेत, त्यांना इजा करणं कायद्यानं गुन्हा आहे. पण जंगलात चोवीस तास पहारा कोण देणार? तिथे जाणारे आपणच ना!

मग एवढं करूया. कोरीव कामाला हात लावायचा नाही, आत चूल पेटवायची नाही. आपला कचरा तर परत आणायचाच, दुसऱ्याचाही थोडा उचलायचा. कुणी नाव खरडताना दिसलं, तर भांडण न करता बलकाची गोष्ट सांगायची. जुनी खरड मात्र घासायला जाऊ नका. तारेच्या ब्रशनं दगडच सोलला जातो. नवी पडझड दिसली, तर फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा. वाटाड्या गावातलाच घ्या. लेण्यांमुळे गावात चार पैसे आले, की राखणदारही वाढतील.

१९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. तेव्हा पाऊस सरलेला असतो, वाट मोकळी असते. शाळांनी, ट्रेकिंगच्या गटांनी, बुद्धविहारांनी, गृहसंकुलांनी एकेक दिवस ठरवावा. तारीख आजच पक्की करा आणि पोरांना सोबत घ्या!