नाममुद्रा : झाडीपट्टीच्या गायकाने शेवटच्या कडव्यात आपले नाव का ठेवावे?

१/ भाऊबीज उलटली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत मंडई भरू लागतात आणि रात्री नाटके रंगू लागतात. नाटकातले एखादे गाणे दुसऱ्या दिवशी गावभर गुणगुणले जाते. ते कोणी रचले, असे विचारले तर बहुधा नाटकाचे किंवा गाणाऱ्या नटीचे नाव सांगितले जाते. कवीचे नाव क्वचितच निघते. आजचा धागा या गळून पडणाऱ्या नावाविषयी आहे.

२/ आधी प्रदेश समजून घेऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा भातशेतीचा व जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. गडचिरोली हा पूर्वी चांदा जिल्ह्याचाच भाग होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. येथील झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’चा ‘डोरा’. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा व येथील लोकरंगभूमीचा आयुष्यभर अभ्यास केला.

३/ दंडार आणि खडी गंमत हे या मातीतले जुने नाट्यप्रकार. त्यांच्या शेजारी संगीतप्रधान नाटक वाढले आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्याचे केंद्र झाले. हंगामात नाटक कंपन्या येथे कचेऱ्या थाटतात, गावोगावची मंडळे येऊन प्रयोग ठरवतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. धान विकून हाती आलेला पैसा तिकिटाच्या रूपाने कलावंतापर्यंत पोहोचतो. पीक बुडाले की नाटकालाही झळ बसते.

४/ याचा अर्थ ध्यानात घ्यावा. गायकाची कारकीर्द मुंबई-पुण्यातच घडते, हा समज झाडीपट्टीने केव्हाच खोटा ठरवला आहे. येथे शेतकरी प्रेक्षकच आश्रयदाता आहे. २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील आयुष्यभराच्या अभिनयासाठी. रंगमंचावर उभ्या राहणाऱ्याचे नाव टिकू शकते. मग गाणे रचणाऱ्याचे का टिकू नये?

५/ हा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे. पूर्वी गाणे गायकासोबत प्रवास करी. आता ते मोबाईलवर एकटे फिरते. गडचिरोलीचा एखादा तरुण झाडीबोलीत गीत रचतो, चाल बांधतो, यूट्यूबवर ठेवतो. आठ दिवसांत ते लग्नाच्या वरातीत वाजते, दुसऱ्याच कोणाच्या चॅनलवर चढते आणि खाली शब्द येतो, ‘पारंपरिक’. कवी हयात असताना त्याचे गाणे अनाथ ठरते.

६/ आपल्या पूर्वजांना ही भीती ठाऊक होती. छापखाना नसलेल्या काळात त्यांनी कवीचे नाव गाण्यातच विणले. शेवटच्या कडव्यात येणारे हे नाव म्हणजे नाममुद्रा. संत जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. मालमत्ता म्हणावी असे त्यांच्याकडे काही नव्हते. पण अभंगात ‘जनी’ हे नाव होते. सात शतके लोटली, तरी तो अभंग दुसऱ्या कोणाच्या नावावर सहजी चढवता येत नाही.

७/ पेशवाईतील शाहिरांनी तर याहून सूक्ष्म व्यवस्था केली. होनाजी शिलारखाने रचना करीत आणि बाळा करंजकर त्या गात. रचनांवर मुद्रा आली ती ‘होनाजी बाळा’ अशी जोड. कवी आणि गायक या दोघांचेही श्रेय एकाच मुद्रेत! आजच्या किती ध्वनिफितींवर इतका प्रामाणिक हिशेब आढळतो?

८/ चंद्रपूरच्या भूमीने पाहिलेले ठळक उदाहरण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. यावलीला १९०९ साली जन्मलेला माणिक इंगळे हा मुलगा तरुणपणी चिमूर परिसरातल्या रामदिघी-गोंदोड्याच्या जंगलांत राहिला आणि पुढे खंजिरी वाजवीत स्वतःची भजने गावोगाव गाऊ लागला. शब्द त्यांचे, गळाही त्यांचाच. भजनाच्या शेवटी ‘तुकड्या’ ही मुद्रा असे.

९/ १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरला जो उठाव झाला, त्यामागे या भजनांनी पेटवलेले वातावरण होते. १६ ऑगस्टला चिमूर उसळले. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात त्यांनी जवळपास १०० दिवस काढले. नाममुद्रा केवळ श्रेय मागत नाही, ती जबाबदारीही स्वीकारते. ‘हे मी म्हटले आहे’, असे छातीठोकपणे सांगणे म्हणजे मुद्रा.

१०/ दुसरे नाव वामनदादा कर्डकांचे. नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचा हा माणूस प्रौढपणी अक्षरे शिकला आणि हजारो गीते रचून गेला. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यालाही धम्मदीक्षा दिली. त्या स्मृतीने चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लोक जमतात. अशा मेळाव्यांत भीमगीते गाणारे अनेक असतात. पण ओळीत ‘वामन’ आला की रचनाकार कोण, हे श्रोत्याला कोणी सांगावे लागत नाही. वामनदादा २००४ साली गेले. मुद्रा गेली नाही.

११/ यंत्रयुग आले तेव्हाही ही युक्ती चालली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने ग्रामोफोनसाठी गायन केले. मेणाच्या तबकड्या छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तेथल्या कामगारांना गायिका कोण, हे कळावे म्हणून तिने गाण्याच्या अखेरीस इंग्रजीत आपले नाव उच्चारले. मुद्रा शब्दांतून निघून थेट आवाजात आली.

१२/ येथे एक आक्षेप येईल : ‘लोकगीताला कोठे नाव असते?’ आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया गोंड समाजात रात्री हातात हात गुंफून रेला गीते गायली जातात. एकजण ओळ सोडतो, सारे ती उचलतात. हे गाणे गावाचे आहे. त्यावर एका व्यक्तीची मुद्रा बसवणे हा श्रेयाचा हक्क नव्हे, ती चोरी आहे.

१३/ म्हणजे अन्याय दोन प्रकारचे : ज्याचे नाव असायला हवे त्याचे पुसणे, आणि जेथे नाव नको तेथे स्वतःचे घुसवणे. दोन्ही एकाच वेळी कसे घडतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेत जाऊ. कारण तेथील ग्रामीण संगीताने आपल्या जन्माची नोंद नीट जपली आहे.

१४/ १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसीच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर ध्वनिमुद्रणासाठी आले. जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब हे पुढे कंट्री संगीताचे आद्य तारे ठरलेले कलावंत तेथेच प्रथम त्यांच्यापुढे गायले. एका गाण्याचे ५० डॉलर मिळत. पण पीअर यांची खरी नजर गाण्याच्या हक्कांवर होती. दीर्घकाळचा पैसा तेथे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

१५/ कार्टर कुटुंबाचे ए. पी. कार्टर पुढे डोंगराळ खेड्यांतून जुनी गाणी गोळा करीत फिरले. लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक सोबत असे. कार्टर शब्द टिपत, रिडल चाल लक्षात ठेवी. तबकड्यांवर नाव आले कार्टरांचे. खेड्यांची गाणी एका माणसाच्या नावे नोंदली गेली आणि रिडल अनेक दशके अंधारात राहिला. ‘पारंपरिक’ गाण्याची मालकी अशी अलगद हस्तांतरित होते.

१६/ आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५७ वे कलम सांगते की, हक्क विकून टाकले तरी ‘ही रचना माझी’, असे म्हणण्याचा कवीचा अधिकार उरतोच. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनात समान वाटा दिला. नोंदणी केलीच पाहिजे, असेही बंधन नाही. मला तर ५७ वे कलम म्हणजे कायद्याच्या भाषेत लिहिलेली नाममुद्राच वाटते. मात्र रचना आपली आहे, हे दाखवता आले पाहिजे.

१७/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. झाडीपट्टीच्या नव्या गीतकार-गायकाने आधुनिक दिसण्यासाठी मुद्रेची लाज बाळगू नये. शेवटच्या कडव्यात नाव ठेवावे; नाव नको तर गावाचे ठेवावे. वहीत तारखेसह गीत उतरवावे. चाल, शब्द, वादन आणि गळा कोणाचा, हे प्रत्येक ध्वनिमुद्रणाखाली वेगवेगळे लिहावे. नाटक कंपन्यांनीही रंगमंचावरून कवीचे नाव पुकारावे. त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

१८/ आणि रेला गायचा असेल तर खुशाल गावा. पण कोणत्या गावाकडून मिळाला, ते सांगावे. उत्पन्न झाले तर त्या गावाचा वाटा ठेवावा. कायदा तेवढी सक्ती करीत नसेल. पण ज्या अंगणात आपण गाणे शिकलो, त्या अंगणाचे ऋण कायद्यापेक्षा जुने आहे.

१९/ इतिहासप्रेमी मित्रहो, आपण ताम्रपट आणि शिलालेख वाचतो, राजांच्या मुद्रा ओळखतो. तशीच मुद्रा आपल्या आजीच्या ओव्यांत, गावच्या दंडारीत, शाहिराच्या जीर्ण वहीत दडलेली असू शकते. तिची अक्षरे दगडावर कोरलेली नाहीत. ती म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात आहेत, आणि तेथून पुसली गेली की उत्खनन करून सापडणार नाहीत. या हंगामात गावी गेलात तर एखाद्या गाण्याचे शेवटचे कडवे पूर्ण म्हणवून घ्या. बहुतेकांना पहिलेच आठवते. नाव शेवटच्यात असते.