बालीत फोन चालेलच, पण तुमचा भारतीय नंबर चालेल का?

बालीचं तिकीट काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: रोमिंग पॅक घ्यायचा, तिकडचं सिम घ्यायचं की ई-सिम? उत्तरही ठरलेलं असतं, जे स्वस्त पडेल ते. आतापर्यंत हे उत्तर बऱ्यापैकी चालून जायचं. यंदा मात्र ते अपुरं आहे.

कारण २८ नोव्हेंबर २०२५ चा दूरसंचार विभागाचा निर्देश. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या मेसेजिंग ॲप्सना सांगण्यात आलंय की ज्या नंबरवर अकाउंट आहे, ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालायला हवं. याला म्हणतात सिम बाइंडिंग. कंपन्यांना त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली होती. शिवाय कॉम्प्युटरवरचं वेब व्हर्जन जास्तीत जास्त ६ तासांनी लॉगआउट झालं पाहिजे, अशीही अट आहे.

आता सुट्टीवर जाणारे बरेच जण काय करतात ते आठवा. रोमिंगचं बिल येईल या धास्तीने भारतीय सिम काढून पाकिटात ठेवायचं आणि तिथलं सिम टाकायचं. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं, कारण आजवर नंबरची खात्री ओटीपीने एकदाच व्हायची. सिम बाइंडिंग लागू झालं की ही युक्ती संपली. सिम पाकिटात म्हणजे व्हॉट्सॲपही पाकिटात.

पण मग रोमिंगवर काय होणार?

इथे घाबरायचं कारण नाही. सिम फोनमध्ये आहे आणि माणूस परदेशात रोमिंगवर आहे, तर या निर्देशाचा त्याच्यावर परिणाम होणार नाही, असं सरकारने लगेच स्पष्ट केलं. म्हणजे अट सिम फोनमध्ये असण्याची आहे, भारतीय डेटा वापरण्याची नाही. हा फरक नीट समजला तर बालीत पैसेही वाचतात आणि नंबरही हाताशी राहतो.

तो समजण्यासाठी रोमिंग आतून कसं चालतं ते थोडक्यात पाहू. देनपसारच्या विमानतळावर फोन चालू केला की तो तिथल्या एखाद्या नेटवर्कला हाक मारतो, समजा टेलकॉमसेलला. टेलकॉमसेल तुमच्या भारतीय कंपनीच्या डेटाबेसला विचारतं, ‘हा ग्राहक तुमचाच ना? सेवा देऊ का?’ होकार आला की भारतीय कंपनी नोंद करून ठेवते: आपला ग्राहक सध्या अमुक नेटवर्कवर आहे. यानंतर बँकेने पाठवलेला ओटीपी त्या पत्त्यावर पोचतो. एसएमएस सिग्नलिंगच्या वाटेने येतो, त्याला मोबाइल डेटा लागत नाही.

डेटाचं गणित वेगळं आहे. रोमिंगवर तुम्ही उबुदमधल्या एखाद्या कॅफेचा मेन्यू उघडला, तरी तो डेटा साधारणपणे आधी भारतात तुमच्या कंपनीच्या गेटवेपर्यंत येतो आणि मग इंटरनेटवर जातो. म्हणूनच रोमिंगवर भारतीय ओटीटी बिनतक्रार चालतात, आणि म्हणूनच सगळं जरा संथ वाटतं. खर्चही याच डेटाचा होतो. साधा येणारा एसएमएस बहुतेक भारतीय कंपन्यांच्या रोमिंगमध्ये फुकट असतो.

थोडक्यात, ओळख आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखीसाठी भारतीय सिम चालू ठेवायचं, त्याचं डेटा रोमिंग बंद करायचं, आणि इंटरनेट दुसऱ्या सिमवरून घ्यायचं.

दुसरं सिम कुठलं?

इथे बालीची एक खास अडचण आहे. इंडोनेशियात २०२० पासून परदेशातून आणलेल्या फोनचा आयएमईआय नोंदवल्याशिवाय त्यात स्थानिक सिम कायमचं चालत नाही. पर्यटकांना ९० दिवसांची तात्पुरती मुभा मिळते, पण त्यासाठी पासपोर्ट दाखवून कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून सिम घ्यावं लागतं. रस्त्यावरच्या टपरीवरून घेतलेलं सिम अचानक मुकं होतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

रोमिंगवर आलेल्या फोनला ही नोंदणी लागत नाही. प्रवासासाठी विकली जाणारी बरीचशी ई-सिम तांत्रिकदृष्ट्या रोमिंगवरचीच असतात. म्हणजे सिम तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं आणि बालीत ते पाहुणं. त्यामुळे आयएमईआयचा प्रश्न येत नाही. पण त्याच कारणाने तुमचा आयपी पत्ता सिंगापूर किंवा हाँगकाँगचा दिसू शकतो, आणि बँकेचं ॲप त्यावर कुरकुर करू शकतं.

ई-सिम घेताना आणखी एक भान हवं. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही ॲप्स भारतातल्या ॲप स्टोअर्सवरून काढली गेली. त्यामुळे विकणाऱ्याकडे परवानगी आहे का, हे आधी पाहा.

जेव्हा बेटच ऑफलाइन जातं

एक दिवस असा आहे की कुठलंच सिम कामाचं नाही. बालीचं नववर्ष, म्हणजे न्येपी. २०१८ पासून या दिवशी सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत बेटावरचा मोबाइल डेटा बंद ठेवतात. विमानतळही बंद असतो. रोमिंग असो वा ई-सिम, टॉवर तिथलेच, त्यामुळे सुटका नाही. हॉटेलचं वाय-फाय तेवढं बहुतेक ठिकाणी चालतं. न्येपी शक कालगणनेप्रमाणे येते. १९ मार्च २०२६ ला आपल्याकडे गुढीपाडवा आणि शके १९४८ ची सुरुवात, तिकडे त्याच दिवशी न्येपी. पाडव्याला जोडून सुट्टी काढणाऱ्यांनी घरच्यांना शुभेच्छांचा फोन आदल्या दिवशीच केलेला बरा.

खरा प्रश्न वेगळाच आहे

सिम बाइंडिंगमागचं कारण खोटं नाही. परदेशात बसून, सिम जवळ नसताना, भारतीय नंबरच्या अकाउंटवरून ‘डिजिटल अरेस्ट’सारखी फसवणूक चालते. सिम फोनमध्ये असण्याची सक्ती केली की हा मार्ग अवघड होईल. पण दुसऱ्याच्या नावावरचं खरंखुरं सिम मिळवणाऱ्या टोळीला याने कितपत अडथळा येईल? फारसा नाही, असं मला वाटतं.

माझं काम लॉगिन आणि व्हेरिफिकेशनशी येतं, म्हणून एक गोष्ट जास्त खटकते. आपण बँक, यूपीआय आणि सरकारी सेवा सगळं एका मोबाइल नंबरवर टांगून ठेवलंय, आणि आता गप्पा मारायचं ॲपही त्याच खुंटीला. समुद्रात फोन पडला तर आधी फक्त फोन जायचा. आता डुप्लिकेट सिम मिळेपर्यंत बँकेपासून घरच्यांच्या ग्रुपपर्यंत सगळंच तुटू शकतं, आणि ते सिम देणारं दुकान समुद्रापलीकडे, भारतात.

यातून वाट निघतेय ती बँकांच्या बाजूने. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. पडताळणीचे दोन घटक लागतीलच, पण एसएमएस ओटीपीशिवाय इतर पद्धतींनाही त्यात वाव आहे. बँका ॲपमधली पडताळणी, बायोमेट्रिक अशा पद्धती खरोखर आणतात की सवयीने ओटीपीच पाठवत राहतात, यावर प्रवाशांचं सुख अवलंबून आहे.

निघण्यापूर्वी एवढं करा

- भारतीय नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. काही कंपन्या त्यासाठी छोटा पॅक मागतात. प्रीपेड असेल तर वैधता परतीच्या तारखेच्या पुढे हवी.
- त्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा. ड्युअल सिम फोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची सेटिंग असते, तीही बंद करा. बिलं फुगतात ती अनेकदा इथेच.
- भारतीय नंबरवर आलेला कॉल उचलायला पैसे पडू शकतात. घरच्यांना व्हॉट्सॲप कॉल करायला सांगा.
- यूपीआय ॲप काढून टाकू नका. पुन्हा नोंदणी करताना ते भारतीय सिमवरून एसएमएस पाठवतं, आणि रोमिंगवर ते महाग पडतं, कधी जातही नाही. तसंही बालीतल्या दुकानांत क्यूआरआयएस हा इंडोनेशियाचा क्यूआर कोड असतो. यूपीआयचा स्वीकार मॉरिशस आणि श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. बालीला जाताना कार्ड आणि थोडी रोकड हवीच.
- नवं सिम टाकल्यावर व्हॉट्सॲपने ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारलं, तर नाही म्हणा.
- दोघे जात असाल तर महत्त्वाची बँक खाती आणि कार्डं एकाच फोनवर ठेवू नका. एक फोन बुडाला तरी हॉटेलचं बिल भरता आलं पाहिजे.

डेटा कुठूनही विकत मिळतो. तुमचा नंबर मात्र एकच आहे, त्यामुळे सिम बाहेर काढण्याआधी दोनदा विचार करा.