शेवटच्या बोलीचा भाव

ताडकळसच्या मोंढ्यात सोयाबीनचा हर्रास होतो तेव्हा प्रत्येक ढिगाचा भाव वेगळा ठरतो. विजेच्या बाजाराची रीत निराळी आहे. २००८ साली सुरू झालेल्या इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर उद्याच्या विजेचा सौदा आज होतो. दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येकासाठी विक्रेते व खरेदीदार बंद बोली देतात. मागणी व पुरवठा जेथे जुळतो तो एकच भाव सर्वांना लागू होतो. स्वस्त बोली देणाऱ्यासही तोच मिळतो.

लहान विक्रेत्याने येथे आपला खरा खर्च सांगणेच हिताचे, कारण बोली वाढवली तर वगळले जाण्याचे भय. मोठ्याचे गणित निराळे. समजा, चार वाटे वीज हवी आहे. लहान विक्रेत्याजवळ ३ रुपये खर्चाचा एक वाटा, मोठ्याजवळ ४ रुपयांचे तीन आणि तिसऱ्याजवळ ९ रुपयांचा एक आहे. मोठ्याने खरा खर्च सांगितला तर भाव ४ रुपये. त्याने केवळ शेवटच्या वाट्याची बोली ९च्या किंचित खाली नेली, की सर्वांचाच भाव जवळजवळ ९. त्याला सुमारे १५ रुपये सुटतात; खरेदीदारांचे १६चे बिल ३६च्या घरात जाते. यात संगनमत नाही, आणि बोलीवर १० रुपयांची मर्यादा असेल तर एकट्याने चाल बदलून कोणाचाच लाभ वाढत नाही. जॉन नॅश यांनी १९५० साली मांडलेला समतोल तो हाच.

सोयाबीन कोठारात थांबते. भाव फारच चढला तर खरेदीदारही थांबतो. वीज त्या पंधरा मिनिटांतच लागते. म्हणून शेवटचा वाटा ज्याच्या हाती, त्याचा शब्द चालतो. परिग्रह-परिमाणाची चर्चा साठ्यापुरती करणाऱ्यांनी हा साठ्याविनाचा लोभही पाहावा.

मार्च २०२२ मध्ये एक्स्चेंजवरील भाव युनिटला २० रुपयांवर गेला. कारण टंचाईचे होते. पण टंचाईतच शेवटच्या बोलीचे बळ वाढते. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने एप्रिलमध्ये १२ रुपयांची कमाल मर्यादा घातली व पुढील वर्षी ती १० केली. महावितरण तूट भरण्यास याच बाजारात येते, आणि वाढीव खर्च दुकानाच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीत उतरतो.

मर्यादेलाही किंमत आहे. ज्याचा खर्चच १४ रुपये, तो संच बंद ठेवतो. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये महाग विजेचा स्वतंत्र विभाग उघडावा लागला.